झटक्यात तोडणारे गर्गे सर

“कागदांवरची वजनं काढून ठेव आता. साहेब येऊ राह्यले, पंखा जाईल.”

हे कुणी माझ्यासाठी म्हटलेलं नव्हतं. टेस्टिंग रूममधले सगळ्यांत जुने तंत्रज्ञ, खैरनारभाऊ, शेजारच्या टेबलावरच्या माणसाला सांगत होते. नोकरीचा माझा पहिला दिवस. फाइल छातीशी धरून मी दारात उभी होते, आत जाऊ की नको अशा विचारात. तेवढ्यात माझ्या खांद्याशेजारून एक हात आत गेला, भिंतीवरचं बटण खटकन खाली पडलं, पंखा कुरकुरत थांबला आणि मग त्या हातामागून माणूस आला. आखूड बाह्यांचा पांढरा शर्ट, खिशाला पेनाऐवजी स्क्रूड्रायव्हर, कपाळावर गंधाचा ताजा टिळा.

“नवीन?”

“हो सर. मी—”

“बरं.”

मी कोण, हे त्या वाक्यात पुढं येणार होतं. ते राहिलं ते राहिलंच.

गर्गे सर आमच्या डिझाइन विभागाचे प्रमुख होते. कंपनी अंबडच्या औद्योगिक वसाहतीतली, लहानशी. आम्ही सौर पंपांचे ड्राइव्ह बनवायचो. पॅनेलवरून आलेली वीज पंपाच्या मोटरला चालेल अशी करून देणारा लोखंडी डबा, म्हणजे ड्राइव्ह. शेतकरी त्याला नुसतं ‘डबा’ म्हणतात, आणि आमच्या माहितीपत्रकातल्या लांबलचक नावापेक्षा मला तोच शब्द बरा वाटायचा. सरांना तो शब्द खपत नसे. “डबा जेवणाचा,” ते ग्राहकाला सुनवायचे. “हे यंत्र आहे.” ग्राहक मान डोलवायचा आणि पुढच्याच वाक्यात विचारायचा, “मग डबा कधी देताय?”

सरांचं घर पंचवटीत, एका अरुंद बोळात. घराण्यात भिक्षुकी. सर त्यातले पहिले इंजिनिअर. घराण्यानं मंत्र सोडले नाहीत आणि सरांनी नियम सोडले नाहीत. त्यांचा मुख्य नियम एकच होता : बंद करायचं. रिकाम्या खोलीतला दिवा, भरलेल्या खोलीतला पंखा, गळका नळ, चाललेली मीटिंग, समोरच्याचं बोलणं. दोन टेबलांमधून चालत गेले की त्यांच्या मागं बंद पडलेल्या वस्तूंची एक रांग राहायची. एकदा त्यांनी तारांना डाख द्यायची सोल्डरिंगची इस्त्री बंद केली तेव्हा ती खैरनारभाऊंच्या हातात होती.

फोनचंही तेच. समोरून बोलणं सुरू झालं की सरांना पहिल्या दोन शब्दांत सगळं समजायचं आणि ते “कळलं” म्हणून फोन ठेवून द्यायचे. सरांच्या बायकोचा फोन संध्याकाळी निघायच्या वेळी यायचा. त्या बिचाऱ्या “दूध आज” एवढ्यावर आल्या की इकडून “कळलं”. पुढचं वाक्य काय असेल याचा विचार आम्ही सगळे करायचो, सर सोडून. मग सर दूध घेऊन घरी जायचे, आणि दुसऱ्या दिवशी डब्यात बासुंदी यायची. बासुंदी उत्तम असायची. खैरनारभाऊ वाटी चाटूनपुसून म्हणायचे, “वहिनींनी काल बी नको सांगितलं व्हतं म्हणायचं.” सर हसायचे. त्यांना वाटायचं, बासुंदीचं कौतुक चाललंय.

मी मुळात कमी बोलते. घरी मराठी, शाळेत मराठी शब्द तोंडातून निघाला की दंड. त्यामुळे कुठलंही वाक्य मनात आधी एकदा घासून, पुसून, उजेडात धरून बघायचं आणि मग बाहेर काढायचं, ही सवय लागलेली. म्हणजे इकडे उशिरा सुरू होणारं वाक्य आणि तिकडे लवकर संपवणारा माणूस. आमचा संवाद व्हायला काही वावच नव्हता. माझं नाव सरांनी कधी पुरतं ऐकलं नाही. ते मला ‘कॉन्व्हेंट’ म्हणायचे. “ए कॉन्व्हेंट, ती डेटाशीट वाच आणि मला सांग.” मी वाचायचे. सांगायची पाळी यायची नाही.

पण सर मूर्ख नव्हते, हे आधीच लिहून ठेवते, नाहीतर पुढचं सगळं फार सोपं होईल.

फार पूर्वी, मी शाळेत असताना कधीतरी, खैरनारभाऊ एका विजेच्या पॅनेलला चिकटले होते. विजेनं हात धरून ठेवला की माणसाला ओरडताही येत नाही. खोलीत चार-पाच माणसं होती. कुणी काठी शोधायला धावलं, कुणी नुसतंच “अरे अरे” करत राहिलं. सर खोलीच्या दुसऱ्या टोकाला होते. ते कुणाला काही न विचारता धावले आणि मेन स्विच खाली ओढला. भाऊ खाली पडले आणि श्वास घ्यायला लागले. ही गोष्ट भाऊ प्रत्येक नव्या माणसाला सांगत. मलाही सांगितली, पहिल्याच आठवड्यात, चहा पिता पिता. गोष्ट संपल्यावर ते उजव्या तळहातावरचा पांढरा डाग दाखवायचे आणि म्हणायचे, “त्या माणसानं इच्यार करत बसायचं ठरवलं असतं, तर मी आज फोटोत राह्यलो असतो.”

त्या दिवसापासून सरांच्या तोंडी एक वाक्य बसलं. “फॉल्ट म्हणजे चोर. चोर दिसला की आधी कानाखाली. विचारपूस नंतर.” भिंतीवर लावायला ते त्यांनी एका मुलीकडून सुवाच्य अक्षरात लिहूनही घेतलं होतं. ती मुलगी मीच.

आता थोडं यंत्राबद्दल. त्याशिवाय सर समजणार नाहीत.

ड्राइव्हच्या पोटात एक काळी चपटी वडी असते, साबणाएवढी. तिला आम्ही मॉड्यूल म्हणतो. तिच्यातले स्विच सेकंदाला हजारो वेळा उघडतात, मिटतात, आणि मोटर फिरते. मोटरकडे जाणाऱ्या तारा कुठं एकमेकींना चिकटल्या, म्हणजे शॉर्ट झाला, तर या वडीतून नेहमीच्या कितीतरी पट करंट धावायला लागतो. वडी तो सोसते, पण सेकंदाचा जेमतेम एक लाखावा भाग. तेवढ्यात तिला बंद करावंच लागतं. इथपर्यंत सरांचं शंभर टक्के बरोबर होतं.

चूक होती ती बंद करण्याच्या पद्धतीत. विहिरीवरून लांबच्या मळ्यात भरधाव पाणी चाललंय आणि कुणी कॉक एकदम आवळला, तर पाणी थांबतं खरं, पण त्याचा धक्का पाइपात बसतो आणि पाइप कॉकापाशी फुटतो. करंटचंही तसंच. एवढा मोठा करंट झटक्यात तोडला की तारांमधून, पट्ट्यांमधून त्याचा धक्का मागं येतो आणि मॉड्यूलवर विजेचा असा एक सुळका उठतो, की त्याची सोसायची हद्द ओलांडली जाते. शॉर्टमधून वाचलेलं मॉड्यूल बंद होता होता मरतं. म्हणून एरवी झटपट बंद करायचं, पण शॉर्टच्या वेळी थोडं सबुरीनं. त्या लाखाव्या भागाच्या आतच, पण करंट उतरत उतरत. मॉड्यूल बनवणाऱ्यांनी डेटाशीटमध्ये हे स्वच्छ लिहिलेलं असतं. इंग्रजीत, बारीक अक्षरात, जिथं कॉन्व्हेंटच पोचू शकते.

सरांच्या उमेदीच्या काळात स्विच वेगळे होते. ते रेंगाळले की मरायचे. त्या काळी झपाट्यानं तोडणारा तोच शहाणा होता. स्विच बदलले, सर बदलले नाहीत.

आणि इथूनच खरी गंमत सुरू होते. ड्राइव्ह जळून परत आला की सर मॉड्यूल उघडून बघायचे, मान हलवायचे आणि म्हणायचे, “उशीर झाला. अजून जलद तोडायला पाहिजे.” मग ते बंद करणारं सर्किट आणखी चपळ करायचे. त्यामुळे सुळका आणखी उंच व्हायचा. पुढच्या हंगामात आणखी ड्राइव्ह जळून यायचे. सर म्हणायचे, “अजून उशीर होतोय.” रोगी दगावला की त्याच औषधाचा डोस वाढवत नेणारा वैद्य मी दुसरा पाहिला नाही. माहितीपत्रकावर मात्र ठळक छापलं होतं, ‘जिल्ह्यातलं सर्वांत जलद संरक्षण’. ते खरंच होतं. आमच्याइतक्या वेगानं स्वतःचं मॉड्यूल मारणारा ड्राइव्ह जिल्ह्यात दुसरा नसावा.

मेलेली मॉड्यूलं सर टाकून देत नसत. त्यांच्या खोलीत काचेचं कपाट होतं, त्यात ती ओळीनं मांडलेली. प्रत्येकाखाली मृत्यूचं कारण लिहिलेली चिठ्ठी. ‘उंदीर.’ ‘केबल.’ ‘आकाशातली वीज.’ ‘चायना माल.’ ‘ग्राहक.’ एका जास्तच काळवंडलेल्या वडीखाली ‘नियती’ असं लिहिलं होतं. खैरनारभाऊ त्या कपाटाला हुतात्मा चौक म्हणायचे. चौक भरत चालला होता आणि ‘आपण’ असं लिहिलेली चिठ्ठी कुठंच नव्हती.

मग मी एक दिवस सरांना न सांगता मॉड्यूलच्या पायांवर प्रोब लावला.

प्रोब म्हणजे दोन चिमट्यांची वायर. ती जिथं लावाल तिथली वीज पडद्यावर रेघेसारखी दिसते. सर प्रोब नेहमी वीज साठवून धरणाऱ्या कपॅसिटरवर लावायचे. तिथं रेघ शांत, सरळ, देवघरातल्या समईच्या ज्योतीसारखी. ग्राहक आले की सर त्या रेघेकडे बोट करायचे. “बघा. कुठं आहे धक्का?” धक्का वीतभर पलीकडे मॉड्यूलच्या पायांवर होता. तिथं मी लावला तेव्हा शॉर्टच्या क्षणी पडद्यावरची रेघ एकदम इतकी वर उडाली की पडद्याबाहेर गेली.

सर मागं येऊन उभे होते. “काढ ते. तिथं नुसता कचरा दिसतो. प्रोब खोटं बोलतो.”

“सर, डेटाशीटमध्ये—”

“खोटं बोलतो. माझा अनुभव आहे.” आणि त्यांनी पडदा बंद केला.

प्रोब कधीकधी खोटं बोलतो, हे खरं आहे. वायर लांब ठेवली, नीट धरली नाही, तर नसलेले सुळके दाखवतो. त्यामुळे मला दोन दिवस स्वतःचाच संशय येत राहिला. तिसऱ्या दिवशी चहाच्या टपरीवर मी खैरनारभाऊंना विचारलं, सरांना प्रोबचा असा कोणता अनुभव आला होता?

भाऊंनी आधी इकडेतिकडे पाहिलं. मग हसायला लागले. सटाण्याकडचे ते, जिव्हाळ्याचं काही सांगायचं झालं की अहिराणीवर उतरायचे. “कुंकू व्हतं ते, ताई. साहेबले सांगू नको.”

झालं होतं असं. खंडेनवमीला कंपनीत यंत्रांची पूजा व्हायची. दुसऱ्या कंपन्यांत हार घालून पेढे वाटतात आणि सुट्टी देतात. आमच्याकडे घरचाच पुरोहित. सर सोवळं नेसून बसायचे आणि पितळी पळीनं आचमन करून त्या रेघ दाखवणाऱ्या पडद्याची, म्हणजे ऑसिलोस्कोपची, षोडशोपचार पूजा सांगायचे. स्नान म्हणून फुलानं पाणी शिंपडायचे. ड्रिल मशीनला, पक्कडीला, इस्त्रीला हळदकुंकू. एका वर्षी त्यांच्या मनात आलं की मुख्य शस्त्र तर प्रोब, आणि शस्त्राला कुंकू लावायचं ते पात्याला. त्यांनी प्रोबच्या दोन्ही चिमट्यांवर, अगदी टोकापर्यंत, ओलं हळदकुंकू लावलं. दसऱ्यानंतर काम सुरू झालं तर पडद्यावरची रेघ पिसाटल्यासारखी उड्या मारायला लागली. सरांनी लाइन तपासली, अर्थिंग खणून काढलं, दोन चांगले सर्किट बोर्ड मोडीत काढले. शेवटी भाऊंनी एका दुपारी स्पिरिटनं चिमटे पुसले आणि रेघ सरळ झाली. भाऊंनी सरांना काही सांगितलं नाही. श्रद्धेनं लावलेलं कुंकू, ते आपण कचरा म्हणून पुसलं, हे कुठल्या तोंडानं सांगणार? आणि ज्यानं आपल्याला पॅनेलवरून सोडवलं त्याला तर नाहीच नाही.

“मग साहेबांनी इच्यार केला, प्रोबच खोटं बोलस. तवापासून त्याईना इस्वास उडेल शे,” भाऊ म्हणाले. “चिमटा कपॅसिटरवरच. बाकी सगळा कचरा.”

मी चहा तसाच ठेवला. म्हणजे एवढी हुतात्म्यांची रांग आणि तिच्या मुळाशी चिमूटभर कुंकू. हे मी ऑफिसात कुणाला सांगितलं असतं तर लोक हसून लोळले असते. मला हसू आलं, आणि लगेच रागही आला. कारण जळलेल्या प्रत्येक डब्यामागं कुणीतरी होतं आणि सर त्या माणसाला ‘केबल’ असं लिहून परत पाठवत होते.

मी दुसरा बोर्ड बनवला. त्यात फार काही नव्हतं. शॉर्ट दिसला की मॉड्यूलला चालू-बंद करणाऱ्या टोकावरचा जोर नेहमीच्या वाटेनं न काढता एका अरुंद वाटेनं काढायचा, म्हणजे करंट उतरत उतरत थांबतो. भाऊंनी सोल्डरिंग करून दिलं. सर त्र्यंबकला एका कार्याला गेले होते, त्या दिवशी आम्ही मुद्दाम तारा चिकटवून शॉर्ट केला. पुन्हा केला. पुन्हा पुन्हा केला. दर वेळी लाल दिवा लागायचा, ड्राइव्ह गप्प बसायचा आणि तारा सोडवल्या की परत चालू. रेघ वर चढायची आणि हद्दीच्या खालीच थबकायची. भाऊ कानाला हात लावून म्हणाले, “मरतच नै ना हे!”

दुसऱ्या दिवशी मी धीर करून सरांच्या खोलीत गेले. वाक्य रात्रीच तयार करून ठेवलं होतं, लहानात लहान. “सर, नव्या बोर्डवर मॉड्यूल शॉर्टमध्ये मरत नाही, कारण आपण ते हळू—”

“हळू?”

त्यांनी चष्मा काढला. ‘हळू’ हा शब्द त्यांना शिवीसारखा लागला होता.

“चोर घरात शिरलाय आणि तू त्याला म्हणणार, या, बसा, पाणी घ्या, मग सावकाश निघा?”

“सर, तसं नाही. मॉड्यूलच्या पायांवर—”

“प्रोब खोटं बोलतो. कॉन्व्हेंट, तुला कायम करायचं की नाही, हे मालक मला या महिन्यात विचारणार आहेत. माझ्या लॅबमध्ये ‘हळू’ नको.” त्यांनी माझा बोर्ड हातात घेतला, उलटसुलट केला. “सोल्डरिंग चांगलंय. तुझं?”

“खैरनारभाऊंचं.”

“वाटलंच,” म्हणाले, आणि बोर्ड ड्रॉवरमध्ये टाकून ड्रॉवर बंद केला.

चार-पाच वाक्यांत माझी नोकरी, माझं डिझाइन आणि भाऊंचं सोल्डरिंग, सगळ्याचा निकाल. सरांचा वेग मानायलाच हवा.

त्यानंतर थोड्याच दिवसांनी नांदगावकडून सुमनताई आल्या. त्यांची भाजीपाल्याची रोपवाटिका आहे. मिरची, टोमॅटो, वांग्याची रोपं ट्रेमध्ये वाढवून त्या आसपासच्या गावांत विकतात. रोपांना दिवसातून दोनदा पाणी लागतं आणि ते पाणी आमच्या ड्राइव्हवरच्या पंपानं यायचं. ड्राइव्ह आधी एकदा जळला होता. तेव्हा विहिरीत केबलच्या जोडात पाणी शिरलेलं निघालं. सरांनी ‘केबल’ अशी चिठ्ठी लिहिली, नवा ड्राइव्ह दिला आणि सबंध केबल बदलायला लावली. ताईंनी बदलली. आता दुसरा जळला होता. गोणपाटात गुंडाळलेला तो डबा त्यांनी एसटीत मांडीवर घेऊन आणला होता. मालकांच्या टेबलावर त्यांनी तो ठेवला आणि शेजारी वीतभर केबलचा एक तुकडाही.

“हे बघा, लपवायचं काय नाय,” त्या म्हणाल्या. “हितं उंदरानं खाल्ली. शॉर्ट झाली. माझंच नशीब. पण साहेब, उंदरानं केबल खाल्ली तर केबल बदलू. डबा कशापायी जळतो? माझ्या दिराकडं दुसऱ्या कंपनीचा हाय. त्याची पण केबल खाल्ली उंदरानं. डब्यावर लाल दिवा लागला, केबल जोडली, चालू.”

मालक स्वभावानं भले, पण तांत्रिक काही आलं की सरांकडे बघायचे. त्यांनी सरांकडे पाहिलं. “गर्गे साहेब, वॉरंटीत बसतं का?”

सर तयारच होते. “केबल ग्राहकाची. उंदीरही ग्राहकाचा. वॉरंटी यंत्राची आहे, उंदराची नाही.”

“आन् तुमचं ते जलद संरक्षण?” ताईंनी माहितीपत्रकाची घडी पर्समधून काढली. “ह्याच्यावर इस्वास ठेवूनच तर घेतला ना मी. दीर म्हणत होता, ह्यो घे, त्यो घे. मी म्हटलं, नाशिकची माणसं हायेत, जवळची हायेत.”

“संरक्षणानं काम केलं. पण शॉर्टच एवढा जबर—”

“मग संरक्षण कशापासून करतं ते? चांगल्या केबलीपासून?”

मालकांनी हसू रुमालात धरलं. सरांच्या कपाळावरचं गंध घामानं ओघळायला लागलं होतं. मी भिंतीशी उभी होते. मला पाणी द्यायला बोलावलं होतं की साक्षीला, हे कळत नव्हतं.

“हे बघा, साहेब,” ताईंचा आवाज जरा उतरला. “भांडायला मी नाय आले. उद्यापतुर पानी नाय भेटलं तर ट्रेच्या ट्रे उकिरड्यावर टाकायचे. रोपं घेणाऱ्यांनी वावरं तयार करून ठेवलीत. ते मला म्हणतील, सुमनबाईचा शबूद नाय धरायचा. तुम्ही नाय म्हणा, मी दुसरीकडनं घेते. पण माझी चूक हाय, असं नका म्हणू. म्या केबल बदलली का नाय? तुम्ही सांगितली तशीच बदलली का नाय?”

मालकांच्या चेहऱ्यावर दिसत होतं की त्यांना द्यायचंय, पण देण्यासाठी त्यांना आपल्या माणसाचा एक शब्द पाहिजे होता. सरांनाही ते दिसलं. सर कधी नव्हे ते माझ्याकडे वळले, आणि मला वाटतं त्या क्षणी त्यांना मी खरंच आपली वाटले.

“ही आमची इंजिनिअर. इंग्लिश मीडियम. हिनं सगळ्या टेस्ट स्वतःच्या हातानं केल्यात. डेटाशीट पाठ आहेत हिला.” मग माझ्याकडे बघून, अगदी प्रेमानं, “सांग गं त्यांना. केबलमुळेच ना?”

आणि ते थांबले.

इतक्या दिवसांत सर माझ्यासाठी पहिल्यांदाच थांबले होते. मी उत्तर द्यायच्या आधी त्यांनी ते पूर्ण केलं नाही, चष्मा काढला नाही, कुठलं बटण दाबलं नाही. हात मांडीवर ठेवून, मान किंचित पुढं काढून ते ऐकायला बसले. त्यांच्या चेहऱ्यावर घाई नव्हती. कारण उत्तर त्यांनीच दिलेलं होतं. मी फक्त ते माझ्या आवाजात म्हणायचं होतं. गंधाचा ओघळ भुवईपर्यंत आला होता आणि तो पुसायचंही त्यांना सुचलं नव्हतं. गर्गे सर मला आजही आठवतात ते असेच, वाट बघत बसलेले. तसे ते फार बरे दिसत होते.

दाराशी खैरनारभाऊ चहाचा ट्रे घेऊन उभे होते. ते आत आले नाहीत, गेलेही नाहीत. मालक माझ्याकडे बघत होते. ताई कुणाकडेच बघत नव्हत्या. त्या केबलचा तुकडा गोणपाटात परत गुंडाळायला लागल्या होत्या, निकाल लागल्यासारख्या.

मी मनातलं वाक्य घासलं नाही, पुसलं नाही. सरांकडे पाहिलंही नाही.

“ताई,” मी म्हणाले, “उंदरानं फक्त केबल खाल्ली. ड्राइव्ह आमच्या चुकीनं जळला.”